गोधडीला घास आणि देवीचं गोदाम

चि. धोंडिबास, थोरल्या अक्काचा आशीर्वाद. फोनवर तू निम्म्यातच "बरं बरं" म्हणून ठेवून देतो, म्हणून लिहिते. शहागंजातनं लासूर स्टेशनला माल नेणाऱ्या कडुबाच्या हाती देईन. गुडघा कसा हाये? विहिरीला पाणी टिकलं का? तुझ्या लक्ष्मीबाईचा खोकला गेला का? (नसंल गेला तर तिला म्हणावं, जरा कमी बोल.) इथं टँकर आला तर आला. समोरच्या इमारती मात्र रोज वाढतात. त्यांना पाणी कुठनं मिळतं, इचारलं तर वॉचमन हाकलतो.

तुला ठाऊक हाये, मी लोकांची धुणीभांडी सोडली. वस्तीतल्या देवीच्या ट्रस्टचे नानासाहेब लई देवभोळे. देवीच्या ओटीत आलेल्या साड्या गोदामात कुजत व्हत्या, त्या त्यांनी आम्हा बायकांना गोधड्या शिवायला दिल्या. म्हणले, कापड देवीचं, हात तुमचे, कुणाचं पोट उपाशी नको. बोलणं चांगलं, पण माणूस लांबण लावणारा. टाका घालायच्या आधी आरती. ती सरेपर्यंत ऊन उतरतं, मग सुईत दोरा ओवायला डोळे कुणाचे आणू? शेजारची जैतुनबी पण आमच्यात शिवते. तिला आता आरती माझ्यापेक्षा पाठ हाये, अन् मी चुकले की कोपरानं ढोसते.

तर वेरूळच्या एका हॉटेलानं गोधड्या मागितल्या. पसंत पडल्या तर वर्षभर काम, नाय तर मी परत भांड्याला अन् जैतुनबी वीटभट्टीला. जीव ओतून शिवल्या. आता आपल्या आईची रीत तुला म्हायतीये: शेवटचा कोपरा शिवायच्या आधी आत भाकरीचा घास घालायचा, गोधडी उपाशी ऱ्हायली तर पांघरणाऱ्याला झोप लागत नाय. आई नखाएवढा घालायची. मी म्हणलं, दुष्काळाचं साल, गोधडीनं तरी पोटभर खावं. चांगली चतकोर कोंबली. जैतुनबी म्हणली, "सूखी भाकर कैसी खाएगी बिचारी?" अन् तिनं वर खजूर घातला.

हॉटेलाच्या वैदेही मॅडम गोदामात बघायला आल्या. नानासाहेबांनी गोधड्यांना हळदकुंकू वाहिलं, मग मोठ्या ऐटीत वरची झटकली. तिच्यातनं उंदीर निघाला. चांगला गुबगुबीत, खजूर खाल्लेला. मॅडम देवीच्या पालखीत चढल्या. मी चप्पल उचलली तर नानासाहेब आडवे, "द्वारकाबाई, गणपतीचं वाहन हाये!" मी म्हणलं, "मग गणपतीला सांगा, आपलं वाहन आपल्या दारात लावा." जैतुनबी तोंडात पदर कोंबून बसली.

नानासाहेबांनी बाकीच्या गोधड्यांचे कोपरे आमच्याकडनंच उसवून घेतले अन् भाकरी मंदिराच्या गायीला घातल्या. (गायीनं पण तोंड फिरवलं.) मॅडमला गोधड्या आवडल्या, पण कुरतडलेलीच्या जागी सोमवारपर्यंत दुसरी पायजे. एक कमी पडली तर सगळंच काम दुसऱ्याला. एवढ्यात नवी शिवून व्हती का? वर नानासाहेबांनी आम्हाला देवीपुढं उभं करून शपथ घ्यायला लावली: इथून पुढं गोधडीत अन्न घालणार नाय, अन् उंदराला मारणार नाय. घेतली बाबा. करते काय?

बाकी सगळं ठीक हाये. गुडघ्याला शेक दे.

तुझी अक्का, द्वारका

ता. क. उमाच्या रुखवतासाठी दिलेली हिरवी गोधडी कडुबाच्याच टेम्पोत माघारी धाड. तिच्या लग्नाला अजून लई अवकाश हाये, तवर नवी शिवते. पोरगी रडली तर रडू दे, आत्याचं काम टिकलं तर रुखवत दणक्यात करीन.

आणखी एक. त्या गोधडीच्या डाव्या कोपऱ्यात पुरणपोळी हाये. लग्नाची गोधडी, भाकरीवर कशी भागवू? पण उसवू नको. शपथ पुढच्या गोधड्यांची हाये, ही आधीची.

अन् शेवटचं. तुझी ती चोरटी मांजर पण पोत्यात घालून दे. मॅडम येईपर्यंत गोधडी गोदामातच ठेवावी लागंल. शपथ मी घेतलीये, जैतुनबीनं घेतलीये. मांजरीनं नाय.