आंबट तोंडानं दिलेलं

गुरुवार, ९ जानेवारी १९७५
ऑपरेशन बुधवारी ठरलं. पोटात गाठ आहे, उघडल्यावर कळेल म्हणतात डॉक्टर. म्हणजे कुणालाच काही माहीत नाही. हे मात्र शांत. संध्याकाळी दवाखान्यात डबा घेऊन गेले तर पेज बाजूला सारून म्हणाले, "माझ्या नावानं सेदाका दे. मरण टळतं त्यानं." देते म्हटलं. दानधर्माला मी कधी नाही म्हटलंय? "पण आधी घरच्याला. घरचा गरीब सोडून बाहेर दिलेलं खरं नव्हे."

घरचा गरीब म्हणजे ह्यांचा चुलतभाऊ एलिजा. सबंध सोलापुरात दुसरा कुणी सापडला नाही देवाला!

शुक्रवार, १०
नाही जाणार. मेले तरी... शी, काय लिहिते आहे मी.

आमच्या लिलीचं जमलेलं लग्न ह्याच माणसानं मोडलं. पाहुण्यांत बसून, आमचाच चहा ढोसत, "पोरगी लई ग्वाड हाय, पर आजी काळ्या इस्राएलातली." माझी आई! आम्हा बेने इस्राएल यहुद्यांत काळे म्हणजे मिश्र रक्ताचे, हलक्या प्रतीचे. पोर नोकरीच्या नावाखाली मुंबईला निघून गेली, सणालासुद्धा येत नाही. त्या तोंडात मी घास घालू?

शाळेतून येताना सिद्धेश्वराच्या वाटेवर एका म्हातारीला ह्यांची शाल दिली. तिनं तोंडभरून आशीर्वाद दिले. ह्यांना सांगितलं. "चांगलं केलंस. एलिजाकडे कधी जातेस?"

घरी येऊन शब्बाथचे दिवे लावले. काडी दोनदा मोडली. रागानंच.

रविवार, १२
ह्यांना ताप. तरी ऑपरेशन पुढे ढकलायचं नाही म्हणतात. शेवटी मीच गेले एलिजाकडे. रेल्वे लाइनीपलीकडे खोली, गिरणीतून काढल्यापासून तिथेच पडलेला असतो. पिशवीत ज्वारीचं पीठ, गूळ, ह्यांचा लोकरी स्वेटर. दारातूनच पुढे केली. "घ्या भाऊजी."

हात पुढे करेना. माझ्या तोंडाकडे बघत बसला.

"न्हाय वैनी. आंबट तोंडानं दिलेलं लागू व्हत न्हाय. शास्तर हाय आपलं. हसून द्या, घेतो."

"उपाशी आहात ना?"

"हाय की. पर सवाल तुमच्या सायमनच्या जिवाचा हाय. माझ्या पोटाचा न्हाय."

वर आणखी, सेदाका म्हंजे भीक न्हाय, न्याय हाय! मेला मला न्याय शिकवतो. लिलीच्या वेळी कुठे ठेवला होता न्याय? तोंडावर विचारलं. तर म्हणे, "त्ये निराळं."

पिशवी घेऊन तणतणत परत. वाटेत गड्ड्याच्या जत्रेची ही गर्दी, पाळणे, पिपाण्या. सगळ्यांचा राग आला.

सोमवार, १३
आरशासमोर हसून पाहिलं. दात दिसतात, बाकी काही नाही. वर्गातल्या मुली घाबरतील.

ह्यांना सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील त्याच्यावर. तर हसले! पोट धरून हसले आणि मग कळ आली, नर्स धावली. घाम पुसत म्हणतात, "बरोबर आहे गं त्याचं." बरोबर आहे तर खा त्याच्याच हातची पेज! ओठांपर्यंत आलं होतं, गिळलं.

निघताना माझा हात सोडेनात. "जाशील ना?" डोळ्यांत भीती होती. इतके दिवस दाखवली नव्हती.

मंगळवार, १४
संक्रांत. शेजारची पद्मा तिळगूळ देऊन गेली, गोड बोला म्हणे. कुणाशी?

पुन्हा गेले. एलिजा दारात घोंगडं पांघरून खोकत बसलेला, गालफडं बसलेली. दया? छे. मी हसायला गेले. त्यानं मान हलवली. "न्हाय जमलं." परत हसले. "न्हाय." मग रडूच फुटलं. "एलिजा, मेल्या, घे ना रे! मरतील ते!" अरेतुरे केलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तो उठून उभा राहिला. "मी डोळं मिटतो. तुमी द्या. तोंड कसं हाय त्ये वरचा बघंल."

डोळे मिटले, हात पसरले. माझ्या आईचं नाव घालवणारा तो माणूस तसा समोर, आणि मी, पन्नाशीची बाई, शाळेतली मास्तरीण, त्याला जीभ काढून दाखवली. चांगलं वेडावलं. त्याला पत्ता नाही, मान खाली घालून प्रार्थनेला उभा असल्यासारखा गंभीर. ते बघून मला हसू फुटलं. खरंखुरं, आवरेना. नाकातून पाणी आलं.

पिशवी पोचली. माफ मात्र केलेलं नाही, हे लिहून ठेवते.

दवाखान्यात ह्यांना सांगितलं, दिलं. "हसून?" हो म्हटलं. कूस वळवून झोपले.

उद्या सकाळी आत नेतील. घरी आल्यापासून एवढंच आठवून बघते आहे. हसू आलं तेव्हा पिशवी माझ्या हातात होती, की त्याच्या?