रणोजीवरचा खटला मी का काढून घेतला

मी, रघुनाथराव बिन नागोजीराव, निवृत्त सरकारी वकील, राहणार संतेपेठ, म्हैसूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. दगा छातीने दिला आहे, डोक्याने नाही. मला कोणी काही पाजलेले नाही, धाकही घातलेला नाही. धाक घालायला आलेले पुष्कळ होते, त्यांना घरात कॉफी मिळाली नाही.

कलम १. राहते घर पत्नी सरस्वतीबाई हिच्या हयातीपर्यंत तिचे, पुढे चिरंजीव मनोहरराव याचे. अट काही नाही. तो माझ्या निर्णयाविरुद्ध वकीलपत्र घेऊन उभा आहे म्हणून बापाने घर कापले, असे कोणी म्हणू नये.

कलम २. कायद्याची पुस्तकेही त्यालाच. वाचावीत. येलवालची बाग भाची तुंगा हिला, कारण झाडांना पाणी तीच घालते, बाकीचे फक्त आंब्यांच्या दिवसांत मामा-मामा करत येतात. शेजाऱ्यांनी माझ्या भिंतीत ठोकलेल्या खुंट्या माझे दिवस होण्याआधी उपटाव्यात. सांगून सांगून माझे तोंड दुखले.

कलम ३. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. सात वर्षांमागे तलकाडच्या जत्रेत रणोजीराव कावेरीत पोहत होता. कॉलेजातला पोहण्यातला पहिला गडी, घराणे जुन्या म्हैसुरी शिपायांचे. काठावर नावेत आधी कोणी बसायचे यावरून दोन गावांची हमरीतुमरी चालली होती, हातांत काठ्या होत्या. तेवढ्यात एक भरलेली नाव दोर सुटून स्नान करणाऱ्या बायकांवर येऊ लागली. रणोजी ओरडला, "होडी! होडी!" आमच्या मराठीत होडी म्हणजे नाव. काठावरची माणसे कन्नड. कन्नडात ‘होडि’ म्हणजे मार, हाण.

काठ्या चालल्या. गिरिजाबाईंचा एकुलता एक मुलगा नागेंद्र डोक्याला लागून जागीच गेला. मारणारे दोघे पुढे शिक्षा भोगून आले. हुकूम देणारा म्हणून रणोजीलाही धरले होते, आणि ते प्रकरण माझ्यापुढे आले.

मी कोठडीत जाऊन त्याला विचारले, "रोज कन्नड बोलतोस ना? मग मराठीत का ओरडलास?"

"भ्यालो, साहेब. भ्यालो की घरचंच तोंडात येतं."

दोर सुटल्याचे नावाड्याने शपथेवर सांगितले, त्या बायकांनीही सांगितले. मी खटला काढून घेतला. मराठ्याने मराठ्याला सोडला, असे गाव म्हणाले. म्हणो. कन्नड पोर असते आणि शब्दाचा असाच घोळ झाला असता, तरी मी हेच केले असते.

आरोप ठेवला जाण्याआधीच मी खटला काढला. त्यामुळे कायद्याने रणोजी सुटला, निर्दोष ठरला नाही, नवी फिर्याद होऊ शकते. थोडे थांबलो असतो तर तो निर्दोष ठरला असता, हे मला कळत नव्हते असे नाही. पण जो आरोप मला खोटा वाटतो तो त्या पोराच्या कपाळी एक दिवसही लिहू द्यायचा नव्हता. आजही देणार नाही. तो पिरियापट्टणला मास्तर आहे. दारात शिपाई दिसला की जेवण टाकून उठतो.

आता गिरिजाबाई पुन्हा फिर्याद करणार आहेत आणि त्यांचा वकील माझा मनोहर आहे. परवा म्हणाला, "अप्पा, सुम्ने कशाला ताणता? मी कोर्टात सांगणार, तुमचं डोकं तेव्हाच ठिकाणावर नव्हतं." ‘उगाच’ म्हणायला याला मराठी सापडत नाही, ‘सुम्ने’ म्हणतो, आणि मला शब्दांचे अर्थ शिकवतो. फार लागले मला ते.

कलम ४. म्हणून साक्षीला मी गिरिजाबाईंनाच बोलावले. माझा सर्वांत जास्त राग करणारी बाई मला शुद्धीवर म्हणाली, तर मनोहरला बोलायला जागा उरत नाही. त्या आल्या आहेत, समोर बसल्या आहेत. पाणी घेतलेले नाही. कलम तीन मी त्यांना कन्नडात वाचून दाखवले.

त्या म्हणाल्या, "शब्द कुठला का असेना, त्या शब्दानंच माझं पोर गेलं."

मी म्हणालो, "बाई, शब्द त्याचा होता. मारायचं त्याच्या मनात नव्हतं." त्या सही करतील की उठून जातील, मला ठाऊक नाही.

याआधी लिहिलेले मृत्युपत्र कोणाच्या पेटीत निघाले तर ते रद्द समजावे. वरचा मजकूर मी वाचला, मला तो मान्य आहे, आणि त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही.

मुक्काम म्हैसूर, ता. ९ नोव्हेंबर १९२१
सही: रघुनाथराव बिन नागोजीराव

साक्षीदार १. डॉक्टर सुब्बराव. नाडी पाहिली, शुद्ध पाहिली. नाडी बेताची, शुद्ध उत्तम.

साक्षीदार २. गिरिजाबाई. शेरा कन्नडात स्वहस्ते, खालील मराठी सुब्बरावांचे:
"लिहिणारे शुद्धीवर आहेत. मनोहररावांना दिलेले वकीलपत्र मी आज काढून घेतले. फिर्याद करणार नाही. रणोजीला मी क्षमा केलेली नाही, त्याने माझ्या दारी येऊ नये."