प्रकृत्यस्वास्थ्य

मालवण, मंगळवार, संध्याकाळ

आज उपसंपादकाने माझा संधी मोडला. मी ‘प्रकृत्यस्वास्थ्यामुळे’ लिहिलं, त्याने ‘प्रकृती अस्वास्थ्यामुळे’ केलं. व्याकरणाची एवढी उघड हत्या, आणि जिल्ह्यात एक निषेधसभा नाही.

मजकूर वत्सलाताईंच्या मृत्युलेखाचा. ताई अजून आहेत, पण डॉक्टरांनी हात टेकल्यावर पेपरने तो मागवून ठेवला. या किनाऱ्यावरून लोकसभेत गेलेली पहिली बाई.

दुपारी जामसंड्याला भेटायला गेलो, तर खाटेवरूनच म्हणाल्या, “माझा मराण लिवलंस मां? वाच बघूया.”

वाचलं. ‘प्रकृत्यस्वास्थ्यामुळे त्या मतदानाला हजर राहू शकल्या नाहीत’ या ओळीत, नेमकं त्याच शब्दावर थांबवलं.

“माका खंयचा अस्वास्थ्य रे शास्त्र्या? त्या दिवशी मी बरी होतंय. पक्षान सांगितल्यान म्हणान घरात बसलंय.”

त्या दिवशी लोकसभेत रापणकारांच्या, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांच्या, बाजूने मत द्यायचं होतं. त्यांनीच ताईंना निवडून दिलेलं. आजाराची बातमी तेव्हा पेपरात मीच दिली, ताईंची लाज राखायला. त्याच दिवशी दिल्लीत त्यांच्या घरी गेलो, तेव्हा दार त्यांनी स्वतः उघडलं होतं, हातात आमटीचा डाव. ठणठणीत.

“आता खरा लिव. पयली बाई भियाली, असा लिव.”

संस्कृतात न पाहिलेल्या भूतकाळाला वेगळं रूप आहे. तेही मला वापरता येणार नाही. तो डाव मी पाहिलाय.

घरी येऊन तासभर झाला. ती ओळ अजून खोडलेली नाही. ताई जातील, याची काळजी नाही. त्या गेल्यावर, थांबवणारं कोणी नसताना, मी ती तशीच छापू देईन, याची आहे.