टिटवीचा डावा कान

प्रिय धाकट्या,

फोन सोडून पत्र कसलं लिहितोय म्हणून दोन शिव्या घालशील, त्या आधी घालून घे. आपल्या घरात फोन म्हणजे दोन्हीकडून आरडाओरडा, आणि शेवटी बायका फोन हिसकावून घेणार. शिवाय तू मध्येच हसला असतास आणि माझं डोकं फिरलं असतं. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही. तुझ्या ढब्बूला बाहेर खेळायला पाठव आणि मग वाच.

इकडचं सगळं तसंच. कारखान्यातलं पत्र्याचे डबे ठोकायचं जुनं प्रेस अजून चालतंय, दर दणक्याला घराच्या खिडक्या थरथरतात. मी आतून काही विचारलं तर तुझी वहिनी भलतंच उत्तर देते. डबे ठोकणाऱ्यांचं घर, सगळेच ठार बहिरे. आमच्या टिटवीनं परवा पंधरावं पूर्ण केलं. तिचं हे नाव तूच ठेवलंस, आठवतं? चार वर्षांची पोर इतक्या मोठ्यानं बोलायची की तू म्हणालास, ही मुलगी नाही, टिटवी आहे. आपण पोट धरधरून हसलो. घराण्याचा आवाज घेऊन आली म्हणून मला तर कौतुकच वाटलं होतं. त्या हसण्याची आता लाज वाटते.

त्या वर्षी तिला सर्दी झाली ती हटेचना. नाक सतत चोंदलेलं, तोंड उघडं टाकून झोपायची, म्हाताऱ्यासारखी घोरायची. मग ताप आला आणि कान धरधरून रडली. डॉक्टरांनी सात दिवसांचं औषध दिलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पोरगी उड्या मारायला लागली, आणि मी बाटली फेकून दिली. वहिनी म्हणाली, सात म्हणजे सात दिवस देऊ. मी तिच्यावर खेकसलो, पोरीला औषधांची सवय लावू नकोस म्हणून. तेव्हा घरात शहाणा मी एकटाच होतो ना!

नंतर टिटवी उद्धट झाली. म्हणजे मला तसं वाटलं. हाक मारली तर ढिम्म. टीव्हीला नाक लावून बसायची आणि आवाज वाढवत राहायची. वाटी आण म्हटलं तर पाटी आणायची. बालवाडीच्या बाईंनी निरोप धाडला की मुलीचं लक्ष नसतं. दुसऱ्या कुठल्याही घरात आठवड्याभरात कुणाच्या तरी ध्यानात आलं असतं. आपल्याकडे तीन हाकांशिवाय कोण वळतंय? मी एवढंच धरून बसलो की एवढीशी पोर मला जुमानत नाही. मग हात चालायला लागला. पाठीत धपाटा, पोटऱ्यांवर लोखंडी पट्टी. वहिनी आडवी आली की तिला ढकलून द्यायचो. एकदा तिचं कोपर दाराच्या कडीवर आपटून फुटलं. हे तुला माहीत नाही. तुला बरंच माहीत नाही.

टिटवी स्टुलावरून पडली, असं मी तुला सांगितलं होतं. सगळ्यांना तेच सांगितलं. ती पडली नव्हती, धाकट्या.

त्या दुपारी प्रेस चालू होतं आणि मी पलीकडे पत्रा कापत होतो. ती कधी आत आली कळलंच नाही. एक चकचकीत झाकण दिसलं म्हणून तिनं प्रेसच्या तोंडाशी हात नेला. मी ओरडलो, हात काढ. पुन्हा ओरडलो. तिनं मान वर केली नाही. धावत जाऊन दंडाला धरून तिला खेचलं आणि डाव्या कानावर सणसणीत ठेवून दिली. ती पत्र्यांच्या चळतीवर जाऊन आदळली. ती पहिली भीतीपोटी होती, असं मी स्वतःला समजावू शकतो. पण मी तिला उचलून उभं केलं आणि त्याच कानावर दुसरी मारली. मग तिसरी. तेव्हा हात प्रेसपासून लांब होता, पोरगी सुखरूप होती, आणि मी मारत होतो. ती टक लावून माझ्या ओठांकडे बघत होती. मला वाटलं डोळे वटारतेय, म्हणून तिसरी जास्त जोरात बसली. तिच्या कानातून रक्त आणि पिवळा पू गळ्यावर ओघळला, फ्रॉकची कॉलर भिजली.

दवाखान्यात थांबा म्हणणाऱ्या कंपाउंडरची मी गचांडी धरली. कानाची डॉक्टरीण म्हणजे छोट्या चणीची बाई, तिनं त्याला सोडा म्हणून मला सांगितलं आणि मी सोडलं. तिनं कान साफ केला, दोन्ही कान तपासले, गालावरची माझी पाच बोटं बघितली. दोन्ही पडद्यांमागे कित्येक आठवड्यांचं चिकट पाणी साठलं होतं आणि डावा पडदा फाटला होता. मग तिनं टिटवीपुढे औषधांची रिकामी खोकी ठेवली, मला पाठीमागे उभं केलं आणि हळू आवाजात हाक मारायला लावली. टिटवी खोकी रचत राहिली. थोड्या मोठ्यानं मारली. ती रचत राहिली. शेवटी मी कारखान्यातला आवाज काढला. तेव्हा तिला ऐकू गेलं. ती वळली नाही. दोन्ही हात डोक्यावर घेऊन खुर्चीखाली शिरली. डॉक्टरीण म्हणाली, या मुलीपर्यंत तुमचा एवढाच आवाज पोचत होता.

नंतर तिनं माझ्याही कानात डोकावून बघितलं. डाव्या पडद्याला जुनं भोक आहे. हे नुसत्या आवाजानं होत नाही म्हणाली. बाबांचा उजवा हात तुला आठवत नसेल, कारण मी तुझ्या पुढे उभा राहायचो.

टिटवीचा उजवा कान औषधांनी सुधारला. डाव्याची दोनदा शस्त्रक्रिया झाली, तरी तो अर्धाच राहिला. मी माळ्यावरचा डबा काढायला हात वर केला तरी तिची मान अजून खांद्यात जाते.

रविवारी तू फोनवर सांगत होतास, ढब्बूची सर्दी महिनाभर हटत नाही, टीव्ही कानठळ्या बसेपर्यंत लावतो, हाक मारली की मुद्दाम वळत नाही, काल दोन ठेवून दिल्या. दादा, मी तुझ्याच वळणावर गेलोय म्हणालास आणि हसलास. मीही हसलो. तुझा आवाज फोनबाहेर येतो. टिटवी समोर बसली होती. ती उठली आणि वही-पेन आणून माझ्यापुढे ठेवलं. काकांना खरं सांगा, एवढंच म्हणाली. तर आता ढब्बूच्या मागे जाऊन उभा राहा आणि हळू हाक मार. वळला तर बरंच आहे, तरी एकदा कान दाखवून आण. नाही वळला तर हात खिशात घाल आणि आजच्या आज ने, आणि देतील ते औषध शेवटच्या चमच्यापर्यंत दे. हे पत्र टिटवीच पेटीत टाकणार आहे. टाकण्याआधी वाचणार आहे, तेव्हा यात काही लपवायची सोय नव्हती.

तुझ्या पुढे उभा राहिलेला, तुझाच
दादा