मूकपटातले युवराज

१२ सप्टेंबर १९२७, सकाळी
आइलेनबाखला पोचलो. अखेर नायक! तोतया युवराज बनून सरदारकन्येला पटवायचं आणि शेवटी द्वंद्वयुद्धात मरायचं. संकल्प: शूटिंग संपेपर्यंत युवराजाचा गणवेश उतरवायचा नाही. केमनित्सचा वेटर एवाल्ड पीच आजपासून मेला.

१४ सप्टेंबर
गर्दीच्या दृश्यांत खरेखुरे जुने लष्करी अधिकारी आहेत. राजेशाही गेली, पोटाला तर हवं. त्यातला कर्नल फॉन ब्रॉक कानाशी लागला. म्हणाला, हुजूर, मी ओळखलं! पीच हे नाव वरवरचं, आपण खरेच युवराज. मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. त्याच्या खांद्यावर फक्त हात ठेवला. यात खोटं काय?
नायिका ट्रूडे म्हणाली, आगीशी खेळू नकोस रे, या लोकांनी अब्रूपायी माणसं मारलीत. जळते बिचारी.

१९ सप्टेंबर
कर्नलकडे दुपारी मेजवानी. हरणाचं मांस, लाल कोबी. म्हाताऱ्यानं आजोबांची तलवार माझ्या पायाशी ठेवली. डोळ्यांत पाणी. जेवण झालं आणि बोलण्याच्या नादात मी पाच जणांच्या रिकाम्या बशा डाव्या हातावर रचून उभा राहिलो. सवय हो! कर्नलनं विचारलं, हे कुठे शिकलात? म्हटलं, युद्धात, शिपायांची सेवा करताना. सगळे एकमेकांकडे बघू लागले. माझ्या साधेपणानं भारावले असणार.

२२ सप्टेंबर
कर्नल दोन दिवस गावाला गेला होता. आज परतला. सलाम नाही. दिग्दर्शक लोबेंना म्हणाला, द्वंद्वात समोर मी उभा राहतो, पिस्तुलंही माझीच आणतो. लोबे खूश. किती ही निष्ठा! युवराजांवर गोळी झाडायचा मान परक्याला मिळू नये म्हणून धडपड.

२३ सप्टेंबर
प्रेमप्रसंग. मूकपटात बरं असतं, तोंडानं काहीही बोला. गेल्या आठवड्यात मिठीत आम्ही सॉसेजबद्दल बोलत होतो. आज ट्रूडे माझ्या छातीवर डोकं ठेवून, ओठांवर हसू ठेवून पुटपुटली, अरे गाढवा, पळ! कर्नल केमनित्सला जाऊन तुझी चौकशी करून आलाय. पिस्तुलात खऱ्या गोळ्या भरणार आहे. संध्याकाळची गाडी धर!
काय उत्कटता! आयत्या वेळी असं सुचायला प्रतिभा लागते. मी म्हणालो, प्रिये, मी तुझाच. तिनं कडकडून चिमटा काढला. उद्या तिला मागणी घालणार. नक्की.

२४ सप्टेंबर, सकाळी सात
कुरणावर धुकं. कर्नल आधीच हजर, काळ्या कोटात. सोबत एक डॉक्टर. लोबेंनी तर बोलावला नव्हता. बारीकसारीक गोष्टींकडे काय लक्ष आहे!
कर्नलनं झाडावर एक बार काढून पाहिला. साल उडाली. फुसक्या बारानं साल उडते का? कुणाला तरी विचारायला हवं. लोबे हाक मारताहेत. गणवेशाची बटणं दुसऱ्यांदा चुकली. थंडी असेल.

तोच दिवस, दुपारी
वीस पावलं. कर्नलनं नेम धरला. त्याचा डोळा पाहिला आणि ट्रूडेचं बोलणं डोक्यात शिरलं. चिमट्यासकट. मी गुडघ्यांवर कोसळलो. ओरडलो, मारू नका हो! मी युवराज नाही! मी वेटर आहे, वेटर!
कर्नलनं पिस्तूल खाली घेतलं. म्हणाला, हे तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. द्वंद्व बरोबरीच्या माणसाशी करतात. तुझ्यावर गोळी झाडली तर अब्रू माझी जाईल.
म्हणजे वेटर होतो म्हणून वाचलो.
लोबेंनी कॅमेरा थांबवलाच नव्हता. नाचायला लागले. म्हणाले, असा अभिनय जन्मात पाहिला नाही! मध्ये संवादाची पाटी टाकतो, ‘होय, मीच युवराज!’ तू काय बोललास ते कुणाला ऐकू येणार आहे?
ट्रूडेनं ऐकलं होतं. ती रडत होती. तिच्याकडे निघालो. आता खरं काय ते बोलायचं, पीच म्हणूनच मागणी घालायची.
तेवढ्यात मागून कर्नल खेकसला, वेटर! माझा कोट!
आणि माझ्या तोंडून निघून गेलं, आलो साहेब.