आंब्याचा गाळ

ऊद मेथा, दुबई
१० एप्रिल २००९

अहो,

नमस्कार. मी खुशाल आहे. पाडव्याला मी घरी नव्हते याचा राग तुम्ही अजून धरून बसला नसाल, तर तुम्हीही खुशालच असाल. रंभा पोळ्यांना वेळेवर येते ना? पोळी जाड झाली तरी तिला बोलू नका. ती रुसली की आठ दिवस फिरकत नाही आणि मग तुम्ही पाव खात बसाल.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुमच्यामागे कारखान्यातलं यंत्र घरघरत असतं आणि तुम्ही "बरं, ठेवतो" याच्यापुढे जात नाही. शिवाय मला विचारायचं आहे ते तुमच्या धंद्यातलं आहे, आणि धंद्यातलं तुम्ही कागदावर फार छान सांगता.

आधी इकडची बातमी. ओवी आता माझ्या खांद्याला लागली. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं भांडणसुद्धा असंच दोन भाषांत होतं. परवा तिला म्हटलं, "अगं, वेणी घालू दे." तर म्हणाली, "आजी, नो वे! इट्स सो ओल्ड फॅशन्ड." पण रात्री तेल लावून घेतलं. आभा सकाळी लवकर शाळेत शिकवायला जाते. चारूही बरा आहे. त्याचं काम सध्या जरा हलकं आहे म्हणे, त्यामुळे तो पुष्कळदा घरीच असतो. तुम्ही विचारणार नाही हे माहीत आहे, तरी सांगून ठेवते.

तर प्रश्न असा. मी इथे एक सरबत करते आहे. हापूसच्या फोडी घातल्या आहेत आणि वासाला एक हिरवा वाळका पाला घातला आहे. नाव विचारू नका, मला येत नाही. पाला कडू आहे. हे सगळं एका मोठ्या प्लास्टिकच्या बादलीत बरेच दिवस झाकून ठेवायचं, मग स्टीलच्या पिंपात भरायचं आणि त्यात गॅस सोडायचा. पिंपाच्या तळाशी जाणारी नळी बारीक आहे. आंब्याचा गर आणि पाल्याचा चुरा तिच्या तोंडाशी जाऊन बसतो आणि तोटीतून थेंबसुद्धा येत नाही. हे गाळायचं कसं?

पहिली खेप तर मीच वाया घालवली. चारू बाहेर गेला होता. म्हटलं, पोराला मदत करावी. श्रीखंडाच्या चक्क्यासाठी आणलेली मलमल धुऊन घेतली, तिच्यात सगळं ओतलं आणि दोन्ही हातांनी पिळपिळ पिळलं. उरलेला गर पुरणयंत्रातून काढला. आंब्याचा कण वाया जाऊ दिला नाही. तो परत आला, त्याने वास घेतला, एक घोट चाखला. म्हणाला, "आई, हवा लागली याला. खलास." मग हसला. पण हसून झाल्यावर सगळं बाथटबात ओतून दिलं आणि त्याच्या काठावर बराच वेळ नुसता बसून राहिला. एका सरबतासाठी एवढा वेळ कोणी बसत नाही. मला फार वाईट वाटलं.

दुसरी खेप घातली आहे. ती तरी नीट व्हायला हवी. चाळीस वर्षं कोकम, आवळा नि अंजीर गाळणाऱ्या माणसाची मी बायको, आणि मला एक आंबा गाळता येऊ नये? लवकर कळवा. चारूला मी लिहिल्याचं ठाऊक नाही.

सौ. प्रमिला

*

ऊद मेथा, दुबई
२८ एप्रिल २००९

अहो,

नमस्कार. काल अक्षय्य तृतीया झाली. आमरस केला. हापूसची पेटी साठ दिरहम, म्हणजे आपले आठशे रुपये, असं मी मोठ्याने म्हटलं तर आभा म्हणाली, "आई, कन्व्हर्ट करू नका हो, गळ्याखाली उतरणार नाही." तुमच्या नावाची वाटी काढून ठेवली होती. ती शेवटी चारूने खाल्ली.

तुमचं पत्र पोचलं. पहिलीच ओळ, "सरबतात कडू पाला नसतो. ती बिअर आहे. मला मूर्ख समजू नकोस." वाचून मला घाम फुटला. आणि त्याखाली दोन पानं, बारीक अक्षरात, ती कशी गाळावी ते! अहो, लग्नानंतर तुम्ही मला लिहिलेलं सर्वांत लांब पत्र हेच. मी ते चार वेळा वाचलं.

हो, बिअरच आहे. चारूचे जे स्कॉटिश साहेब होते, ते जानेवारीत घाईघाईने देश सोडून गेले. जाताना पिंपं, गॅसची टाकी, त्या हॉप्सच्या फुलांच्या (मी म्हटलेला कडू पाला तो हाच) पुड्या, सगळं चारूच्या दारात ठेवून गेले. इथे घरी असलं काही करायला परवानगी नाही. मी चारूला बजावलं, तर तो म्हणाला, "आई, ही शेवटची. मग सगळं बंद." म्हणून हे पत्र टपालाने पाठवत नाही. शेजारचा सुजीत पुण्याला सुट्टीवर निघाला आहे, त्याच्या हाती देते. वाचून झाल्यावर फाडून टाका. आणि आता कबूल करते, मी चाखली. आंब्याचा वास आधी येतो आणि कडवटपणा मागून येतो. मला आवडली. रंभाला सांगू नका.

तुम्ही लिहिलं तसंच केलं. "गाळायची घाई करू नये. आधी थंड करावे, बसू द्यावे. जे बसायचे ते आपण होऊन तळाला बसते." फ्रीजमधलं दूध, कोथिंबीर, ओवीची चॉकलेटं, सगळं बाहेर काढलं, मधले कप्पे काढले आणि बादली आत ठेवली. आभा दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलत होती. मग उपसायच्या नळीच्या टोकाला बारीक जाळीची पिशवी, उकळत्या पाण्यातून काढलेली, सैल बांधली. नळीचं तोंड गाळाच्या वर धरलं, दुसरं टोक पिंपाच्या तळाशी सोडलं, म्हणजे ओतताना खळखळ होऊन हवा मिसळू नये. "तळची चार बोटे सोडून द्यावी, लोभ करू नये. आणि कापड कधीही पिळू नये. पिळले की गाळ पुन्हा रसात येतो." हे वाचताना तुम्ही माझ्याकडे बघताय असंच वाटत होतं.

तोटी उघडली. चारूने पेला उजेडाकडे धरला. स्वच्छ, सोन्यासारखी. ओवी म्हणाली, "डॅडी, इट लुक्स लाईक ॲपल ज्यूस!" चारूने मला विचारलं, "आई, हे तुला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, "बाबांनी."

"बाबांनी? बिअर गाळायला?"

"दोन पानं लिहिलीत."

तो हसायला लागला. हसता हसता खाली बसला, आणि मग त्याला रडू आलं. मी काही विचारलं नाही. कापडच काय, माणूससुद्धा पिळायचा नाही, हे मी तुमच्याकडूनच शिकले होते. थोड्या वेळाने त्याने आपण होऊन सांगितलं. त्याची नोकरी जानेवारीतच गेली. ज्या इमारतीवर तो होता ती अर्ध्यात थांबली, सगळ्यांना एका दुपारी घरी पाठवलं. मी इथे आल्यापासून दोघं मला प्रोजेक्ट होल्डवर आहे, इन्शाल्ला सुरू होईल, असं सांगत होते. अहो, मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. ज्याला काम आहे तो माणूस दिवसा पिंपं घासत बसत नाही. पण तो म्हणेपर्यंत मी थांबले. घर सध्या आभाच्या पगारावर चाललं आहे.

आता जे मला पहिल्या पत्रात लिहायचं होतं आणि सरबताआड लपवलं, ते लिहिते. त्याला घरी यायचं आहे. तो असं म्हणाला नाही. पण तुमचं पत्र त्याने मागून घेतलं आणि आपल्या खिशात ठेवलं. मला ते अजून परत मिळालेलं नाही.

कारखान्याच्या पाटीवर तुम्ही हौसेने "बोकील आणि पुत्र" रंगवून घेतलंत, आणि तो दुबईला निघाला त्या आठवड्यात "आणि पुत्र" वर पांढरा रंग फासलात. त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून तुम्ही दोघं माझ्यामार्फत बोलता. तुम्ही म्हणता, "त्या शहाण्याला सांग, बापाचा धंदा हलका वाटला ना." मी त्याला सांगते, "बाबा तब्येत विचारत होते." तो म्हणतो, "त्यांना म्हणावं, बसा आपल्या कोकमाला कवटाळून." मी तुम्हाला सांगते, "चारू म्हणत होता, कोकम फार छान झालं होतं." दोन्हीकडचा गाळ माझ्यापाशीच साठला आहे. आता मला तो सोसवत नाही. तुम्हीच सांगा, त्या कारखान्यात त्याला जागा आहे की नाही? हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण त्याला म्हणा, मला नको.

सौ. प्रमिला

*

ऊद मेथा, दुबई
२१ मे २००९

अहो,

नमस्कार. इथे आता दुपारी गॅलरीतलं स्टीलचं दार धरलं तर हात भाजतो. बाकी सगळे मजेत.

सुजीत गेल्या आठवड्यात परत आला. दारातूनच ओरडला, "काकू, तुमच्या साहेबांनी पार्सल दिलंय. यल्ला, चला, आधी चहा!" पुडकं मऊ होतं. मला वाटलं, माझ्यासाठी साडी असेल. मी इतक्या वर्षांत शहाणी झाले नाही ती नाहीच. आत गाळायची पिशवी निघाली. नायलॉनच्या जाळीची, निमुळती, काठाला दुहेरी शिवण. शिवण तुमचीच, मी ओळखली. शेवटचा टाका तुम्ही नेहमी वाकडा घालता.

आणि आत चिठ्ठी. वर "सौ. प्रमिलास" नव्हतं. "चि. चारूस" होतं.

मी ती उघडली नाही. तशीच त्याच्या हातात दिली. त्याने स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच वाचली, आणि मग आभासमोर, ओवीसमोर मोठ्याने वाचून दाखवली. मला पाठ झाली आहे. "पिशवी आंब्यासाठी बेताची आहे, अंजिराला याहून बारीक जाळी लागते. वापरण्याआधी उकळावी, वापरल्यावर उलटी करून धुवावी. बिअर माझ्या घरात चालणार नाही. पण कोकमात तसाच गॅस भरता येतो का, ते बघावे. नवे गाळणयंत्र घेतले आहे. ते मला एकट्याला उचलत नाही. बाबा."

बस्स. त्याखाली काहीच नाही. ओवीने विचारलं, "डॅडी, सो व्हॉट इज ही सेइंग? आर वी गोइंग?" चारू म्हणाला, "हो. बोलावतायत." अहो, माझ्या मुलाला तुमची भाषा समजते. इतकी वर्षं मला उगीच वाटत होतं की माझ्याशिवाय तुमचं एकमेकांना कळणारच नाही.

त्या दिवसापासून घराचा नूरच पालटला. चारूने हॉप्स फेकून दिले, पिंपं घासून लखलखीत केली आणि त्यांत कोकम भरून गॅस सोडला. मी केलेलं कोकम, तुमच्या पिशवीतून गाळलेलं, साहेबांच्या पिंपातून आलेलं. जिरं अडकलं नाही, तोटी धो धो वाहिली. सुजीतने तीन पेले घेतले आणि ढेकर दिली ती शेजारच्या घरात ऐकू गेली असेल. लग्नाच्या हॉलांना हे गॅसचं कोकम पुरवलं तर काय सुटेल, याचे हिशेब चारू वहीत मांडतो आहे. एरवी मी म्हटलं असतं, आधी नीट विचार कर. या वेळी म्हटलं, मांड बाबा.

आम्ही दोघं ३ जूनला निघतो. आभा आणि ओवी शाळेला सुट्टी लागली की जुलैत येतील. ओवी विचारते, सासवडला वायफाय आहे का. मी म्हटलं, आजोबा आहेत.

विमान पहाटे मुंबईला उतरतं. गाडी पाठवू नका. तुम्ही या. मला ठाऊक आहे, तुम्ही वाटेत काय बोलायचं ते मनात घोळवत याल आणि त्याला बघितल्यावर नेमकं "हडकलास" असं काहीतरी तोडून बोलाल. चालेल. तोही उलटं काहीतरी बोलेल. तेही चालेल. फक्त त्याच दिवशी सगळ्या सहा वर्षांचा हिशेब मागू नका. त्याला जेवू घाला, निजू द्या. पहिल्या दिवशी पिळू नका हो. तुम्हीच लिहिलं आहे, जे बसायचं ते आपण होऊन तळाला बसतं.

आणि एक सांगते. विमानतळावर मी तुमच्या दोघांच्या मधे उभी राहणार नाही. सामानाची ढकलगाडी घेऊन मागे थांबेन. तुम्ही त्याला काय म्हणालात आणि तो तुम्हाला काय म्हणाला, ते मी या वेळी कुणाला सांगणार नाही, गोड करून तर नाहीच. तुम्ही दोघांनी एकमेकांना सरळ ऐकायचं, गाळासकट.

पाटीला हात लावू नका. वरचा पांढरा रंग त्याला स्वतःला खरवडायचा आहे, तसं तो म्हणाला आहे. हे त्याचेच शब्द, माझे नाहीत.

सहा वर्षं तुमचं गाळणं झालेली आणि आता नुसती तुमची,
प्रमिला