पाळणाघरातलं उष्टं

प्रिय कल्याणी,

हे तुला लिहिलेलं चौथं पत्र. आधीची तीन कपाटातच आहेत.

तुझ्या चिऊचे रिपोर्ट घेऊन मी डॉक्टरीणबाईंना भेटले. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, ते सायटोमेगालो नावाच्या विषाणूमुळे. लहान मुलांच्या लाळेतून, लघवीतून तो पसरतो. त्या मुलांना बहुधा काहीच होत नाही, मोठ्यांनाही कळत नाही. पण गरोदर बाईला झाला तर पोटातल्या बाळापर्यंत पोचू शकतो. तो कुठून आला हे त्या छातीठोक सांगत नाहीत. मला मात्र ठाऊक आहे.

तुला दिवस होते, तेव्हा तू सिडकोत माझ्या पाळणाघरात मदतीला यायचीस. मुलांच्या ताटल्यांत वरणभात उरायचा.

"मावशी, उष्टं हाय गं ते!" तू नाक मुरडायचीस.

"खा गं. लेकराचं उष्टं खाल्लं की बाळ गुटगुटीत होतं."

आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर आम्हाला एकमेकींच्या बाटलीतलं पाणीसुद्धा पिऊ देत नसत. आणि मी मुलांचाच चमचा पदराला पुसून तुझ्या हातात द्यायचे.

बारशाला गंगापूरला चिऊ थाळीच्या आवाजालाही दचकली नाही, तेव्हा तुझ्या सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "गिऱ्हाण पाळलं नाय हिनं. भाजी चिरत बसली." तू मान खाली घातलीस. मी चहा पीत राहिले.

परवा तू फोनवर विचारलंस, "मावशी, तू शिकलेली हायस. खरंच माझ्यामुळं झालं का गं?"

"देवाची मर्जी," मी म्हणाले.

"बरं," तू म्हणालीस, आणि फोन ठेवलास.

तुझीच,
नलूमावशी